माळ, माळढोक आणि ‘पडीक’

अहमदनगरच्या इतिहासात ठळक तारखांची वानवा नाही. १४९० मध्ये अहमद निजामशहाने शहराचा पाया घातला. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला. १९४२ ते १९४५ या काळात त्याच किल्ल्यात पंडित नेहरू बंदिवासात होते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. या तारखा विद्यार्थ्यांना पाठ असतात. याच मुलखाच्या इतिहासातला एक आकडा मात्र पक्षिशास्त्राच्या ग्रंथांबाहेर फारसा आलेला नाही. तो आकडा आहे ९६१.

रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी त्याच सुमारास दख्खनच्या पक्ष्यांची यादी करत होता. माळढोक या मुलखात विपुल आहे आणि एका गृहस्थाने सुमारे हजार पक्षी टिपले आहेत, असे त्यानेही नमूद केले आहे. वीस वर्षांत ९६१ म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस, जवळजवळ आठवड्याला एक. ज्या पक्ष्याची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, ज्याचा नर मीटरभर उंच आणि दहा-पंधरा किलो वजनाचा होतो, त्या पक्ष्याची ही संख्या आहे आणि ती एका माणसाच्या एका बंदुकीची आहे.

या आकड्याकडे पाहण्याची रूढ रीत एकच आहे. साहेबाने पक्षी संपवला, असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष खोटा नाही, पण अपुरा आहे. वीस वर्षे एवढी हत्या सोसूनही ज्या मुलखात पक्षी शिल्लक राहिला, तो मुलूख मुळात कसा असेल, हा प्रश्न या आकड्यातच दडलेला आहे. आणि ज्या काळात कायद्याने बंदूक थांबवली त्याच काळात पक्षी नाहीसा का झाला, हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना शिकारीचा इतिहास हळूहळू जमिनीचा इतिहास होतो आणि जमिनीचा इतिहास अखेर शब्दांचा इतिहास होतो.

केडगाव म्हटले की अनेकांना दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव आठवते. येथे अभिप्रेत आहे ते नगर शहराच्या दक्षिण अंगाचे, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या देवळाचे केडगाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि नव्या वसाहती, गोदामे व वळणरस्ता यांच्या पसाऱ्यात त्याचे गावपण शोधावे लागते. पण भूगोल बदललेला नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. माती उथळ, खाली मुरूम. येथून दक्षिणेला श्रीगोंदे, कर्जत, करमाळा असे करत सोलापूरपर्यंत जी उघडी, लाटांसारखी उठत-बसत जाणारी भूमी आहे, तीच माळढोकाची भूमी. कुसळी, मारवेल, पवना अशी गवते, मधूनच बोर-बाभळीचे झुडूप आणि ज्वारी-हरभऱ्याची तुटक शेते, एवढ्यावर हा पक्षी राहत असे. त्याच्या नावातच त्याचा पत्ता आहे: माळावरचा ढोक. खेडोपाडी त्याला ‘हूम’ असेही म्हणत. विणीच्या दिवसांत नर जो खोल, घुमणारा आवाज काढतो, तो ऐकलेल्या माणसाला या दुसऱ्या नावाची फोड करून सांगावी लागत नाही.

या पक्ष्याची शिकार सोपी नव्हती. उघड्या माळावर लांब मान उंचावून चालणाऱ्या माळढोकाला माणूस फार दुरून दिसतो. पायी निघालेला शिकारी बंदुकीच्या टप्प्यात पोहोचण्याआधीच पक्षी जडपणे पण दूरवर उडून जाई. म्हणून शिकाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. बैलगाडीत बसायचे, किंवा गाडीच्या आडोशाने चालायचे. गाडी सरळ पक्ष्याकडे न हाकता त्याच्याभोवती मोठे वर्तुळ घेत, ते वर्तुळ हळूहळू आवळत न्यायचे. माणसाला बुजणारा पक्षी बैलांना बुजत नसे.

आता या युक्तीशेजारी दुसरी एक युक्ती ठेवून पाहावी. पारधी समाजाच्या पोटशाखांची नावे त्यांच्या शिकारीच्या तंत्रावरूनच पडली आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी, चित्ता पाळून हरणे धरणारे ते चित्तेपारधी, आणि शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जाणारे ते गायपारधी. गाय चरत चरत पुढे सरकते, तिच्या पलीकडून माणूस सरकतो आणि तितर किंवा हरीण टप्प्यात येते. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे वा तातीचे फासे गवतातल्या पायवाटांवर मांडायचे आणि पाखराला हाकत तिकडे न्यायचे, हे तंत्रही असेच चरणाऱ्या जनावरांच्या चालीशी जुळलेले होते.

साहेबाची बैलगाडी आणि पारध्याची गाय यांत पैशाचे, हेतूचे आणि सत्तेचे अंतर अफाट आहे. एकाला चषक आणि नोंदवही हवी होती, दुसऱ्याला संध्याकाळची चूल पेटवायची होती. तरी दोघांनी माळाविषयीचे एकच सत्य ओळखले होते: येथले वन्य पाखरू गुराढोरांना आपलेच मानते. शतकानुशतके गुरे, मेंढ्या, हरणे, तितर आणि माळढोक एकाच गवतात वावरल्याशिवाय हा विश्वास निर्माण होत नाही. म्हणून शिकारीचे हे तंत्र त्या भूमीविषयीची साक्ष ठरते. माळ हा निर्जन नव्हता आणि तो रिकामाही नव्हता. तो सर्वांच्या वहिवाटीचा होता.

या वहिवाटीला नावे होती. गावच्या जनावरांसाठी राखलेले ते गायरान. सरकारी घोड्यांच्या वैरणीसाठी राखलेले ते कुरण. मराठेशाहीत घोडदळ हा राज्याचा कणा होता आणि भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा नावाजलेला होता. जेथे घोड्यावर राज्य उभे असते तेथे गवताला किंमत असते. धनगरांचे वाडे हंगामाप्रमाणे फिरत. मेंढरे एका ठिकाणी बसून गवत मुळापासून खात नसत. या व्यवस्थेला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. गायरानावर कोणाची गुरे आधी, कोणाची नंतर, हे जातीच्या उतरंडीनेच ठरत असे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा हक्क तोंडी व तकलादू होता. पण गवताची जमीन ही एक उपयोगाची, नाव असलेली जमीन आहे, एवढे मात्र त्या व्यवस्थेत गृहीत होते.

ते गृहीत मोडले महसुली मोजणीने. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पाहणीपद्धती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पोहोचली. शेत मोजायचे, त्याची प्रतवारी करायची आणि आकार ठरवायचा, हा तिचा गाभा. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यात काही न्यायही होता. परंतु साऱ्याच्या चष्म्यातून पाहिले की जमिनीच्या दोनच जाती उरतात: जिच्यातून सारा येतो ती आणि जिच्यातून येत नाही ती. दुसऱ्या जातीसाठी दप्तरात जे शब्द रूढ झाले ते ऐकण्यासारखे आहेत. पड, पडीक, खराबा, पोटखराब. शेताच्या पोटात जो तुकडा पिकत नाही तो ‘पोटखराब’. हे शब्द जमिनीचे वर्णन करत नाहीत, तिच्यावर निकाल देतात. पडीक म्हणजे जी पडून आहे, म्हणजेच जी कोणीतरी उठवून कामाला लावायची आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्या निसर्गकवितेची दृष्टीही बहुतांशी हिरवी आहे. झरे, वेली, श्रावण, दाट झाडी यांना तिच्यात जागा मिळाली. पिवळ्या गवताच्या, सावली नसलेल्या माळाला ती क्वचितच मिळाली. आला तरी तो उजाडपणाची, एकाकीपणाची प्रतिमा म्हणून आला. माणदेशाचा माळ हा राहण्याचा, जगण्याचा प्रदेश म्हणून मराठी गद्यात ठसठशीतपणे उतरला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात. १९५५ ची ‘बनगरवाडी’ हे त्याचे ठळक उदाहरण. माडगूळकर स्वतः शिकारीच्या वाटेने रानात गेलेले होते, हा योगायोग मानू नये. जमिनीवर वाकून मागोवा घेणाऱ्याला माळ रिकामा दिसत नाही. पण असे लेखन अपवादच राहिले. महसूल खात्याचा शब्द आणि कवितेचा शब्द यांचे माळाविषयी जणू एकमत होते.

शिकारीचे कायदे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. १८८७ मध्ये आणि नंतर १९१२ मध्ये ब्रिटिश सरकारने वन्य पक्ष्यांच्या रक्षणाचे कायदे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणाऱ्या शिकारीचे दारही बंद झाले. या साऱ्या काळात पारध्याच्या माथी मात्र आणखी एक कायदा होता. १८७१ पासून सुरू झालेल्या आणि पुढच्या कायद्यांनी देशभर पसरलेल्या गुन्हेगार जमातींच्या व्यवस्थेने त्याला जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला खरा. पण वीस वर्षांनी त्याचा फासा बेकायदा ठरला, आणि त्या फाशाऐवजी दुसरे कोणते साधन त्याच्या हाती द्यायचे याचा विचार कायद्याने केला नव्हता. माळढोक कोणी संपवला, असे आजही विचारले तर बोट प्रथम पारध्याकडे जाते. ९६१ हा आकडा ज्याच्या नावावर आहे त्याला कोणी गुन्हेगार जमातीत घातले नव्हते.

आता दुसरा प्रश्न. बंदूक थांबली, मग पक्षी का थांबला नाही?

विसाव्या शतकाच्या सत्तरीत सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक टिकून असल्याकडे बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार होता ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांबरोबर नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे तालुकेही त्यात आले. कागदावर एवढे मोठे अभयारण्य देशात विरळाच. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक जमीन खासगी शेतीची होती. गावे, बाजारपेठा, रस्ते, सारे त्याच्या हद्दीत होते. ज्या शेतकऱ्याच्या शेतात आयुष्यात कधी माळढोक उतरला नाही, त्यालाही जमिनीच्या व्यवहारात आणि विकासकामांत निर्बंध सोसावे लागले. पक्षी हा गावाचा सोबती होता तो गावावरचा जाच झाला. २०१२ मध्ये अभयारण्याची हद्द घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली, तोवर मने दुखावून झाली होती.

दरम्यान खरा माळ निराळ्याच वाटेने जात होता. मुळा, घोड, कुकडी यांच्या पाण्याबरोबर ऊस आला. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने पाणी मिळताच ऊस लावला यात त्याचा दोष काढणे हे पोट भरलेल्याचे शहाणपण होईल. पण उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या विकासासाठी जे कार्यक्रम आखले गेले त्यांत गवताळ जमिनीवर झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले गेले. खुद्द नान्नजच्या परिसरात गिरिपुष्पाची लागवड झाली. १९८५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापले. नावातच निदान होते: जमीन पडीक आहे, तिच्यावर उपाय झाडे लावण्याचा. उघडे रान पाहून ज्याला सुरक्षित वाटते अशा पक्ष्याच्या घरात आपण मोठ्या सद्भावनेने जंगल उभारले. पुढे वीजवाहिन्या आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तारेला धडकून मरणे हे आज त्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण मानले जाते. २०११ मध्ये तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत गेला. देशात दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या गणनांत एखादीच मादी दिसली. ज्या मुलखात एका माणसाने ९६१ मारले त्या मुलखात आता मोजायला एकच बोट पुरते.

येथे अमेरिकेतल्या रानटर्कीची गोष्ट उद्बोधक आहे. जमिनीवर वावरणारा, मोठ्या अंगाचा, मांसासाठी हवाहवासा वाटणारा हा पक्षीही अतोनात शिकारीने आणि जंगलतोडीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही लाखांच्या आत आला होता. १९३७ मध्ये तेथे बंदुका व दारूगोळा यांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या अधिवासासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. पक्षी पकडून जेथून ते नाहीसे झाले होते तेथे नेऊन सोडले गेले. आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांवर गेली. आज तेथल्या सरकारी वनांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येने शिकार चालते. गर्दी, घटती पिले, शिकाऱ्यांचे आपापसांतले तंटे हे प्रश्न तेथेही आहेतच.

या उदाहरणावरून कोणी परवान्याची शिकार येथे सुरू करा असे म्हणेल, तर तो वेडेपणा ठरेल. टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. माळढोकाचे गणित अगदी वेगळे आहे. शिवाय अमेरिकेची ती ‘सार्वजनिक’ जमीन मूलनिवासी जमातींकडून हिरावून सार्वजनिक झाली, हे विसरून चालणार नाही. पारध्याची कहाणी ज्याला ठाऊक आहे त्याला ती परकी वाटणार नाही. घेण्यासारखे आहे ते निराळेच. तेथे पक्षी राहतो त्या जमिनीला नाव, धनी आणि जबाबदारी आहे. पक्षी आहे म्हणून तिची किंमत आहे. आपल्याकडे शिकार बंद झाली, पण गवताची जमीन ‘पडीक’च राहिली. पक्ष्याला पहिली अनुसूची मिळाली आणि त्याच्या घराला खराब्याचा रकाना.

मग गायराने पुन्हा राखावीत, असे सरळ म्हणावे काय? येथेही घाई करून चालत नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांची मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा अशीच होती. ज्याला पिढ्यानपिढ्या इंचभर जमीन मिळाली नाही त्याने गायरानाचा तुकडा कसायला घेतला, तर त्याला पक्ष्याचा शत्रू ठरवता येणार नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश देताना भूमिहीन आणि मागास समूहांना झालेल्या वाटपासारखे अपवाद मान्य केले, ते याच जाणिवेतून. गायरानावर धनदांडग्याने घातलेले कुंपण आणि पारध्याने टाकलेले पाल यांना एकाच शब्दात ‘अतिक्रमण’ म्हणणे ही पुन्हा भाषेचीच गफलत आहे.

वाट आहे ती गावातून आणि त्या जुन्या जाणकारांमधून जाते. नगर तालुक्यातच हिवरे बाजारने १९९० च्या सुमारापासून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. गवत राखले, ते कापून नेण्याचे नियम ग्रामसभेने ठरवले, आणि गवत ही पुन्हा हिशेबात धरण्याजोगी वस्तू झाली. तिकडे अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना हाताशी धरून तणमोर या माळढोकाच्याच कुळातल्या लहान पक्ष्याचा शोध व रक्षण यांचे काम केले. पावसाळ्यात गवतातून उसळ्या मारणारा नर तणमोर नेमका कोठे दिसेल हे ज्याच्या पूर्वजांना फासा मांडण्यासाठी ठाऊक असावे लागे, त्यालाच आज ते रक्षणासाठी ठाऊक आहे. ज्ञान तेच आहे, त्याचा उपयोग बदलला.

नगरच्या माळावर माळढोक परत येईल अशी भाबडी आशा धरण्याइतके दिवस उरलेले नाहीत. पण त्याच माळावर तितर आहेत, लांडगा आहे, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात काळवीट आहेत, आणि मेंढरे घेऊन फिरणारा धनगर अजून आहे. केडगावच्या आसपास उरलेला एखादा उघडा तुकडा उद्या सात-बाऱ्यावर कोणत्या शब्दाने लिहिला जाईल, यावर त्यांचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न आपला नाही असे वाटू नये. जमिनीला पडीक म्हणणारा शब्द दप्तरात जन्मला, पण तो टिकला आपल्या सर्वांच्या जिभेवर. तो बदलण्याचे कामही निव्वळ तलाठ्याकडे सोपवता येणार नाही.